घरी गिऱ्हाईक येणार असेल तर आधी हे कागद बघा (इंदूर)

घरात बसून ब्लाउज शिवले किंवा फराळाच्या ऑर्डरी घेतल्या तर सहसा कुणी हरकत घेत नाही. अडचण सुरू होते ती गिऱ्हाईक दारात येऊ लागल्यावर. सुदामा नगरच्या गल्लीत शेजाऱ्याच्या गेटसमोर दोन ॲक्टिव्हा आडव्या लागल्या की 181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार गेलीच म्हणून समजा. म्हणून बोर्ड रंगवण्याआधी कागद बघा.

पहिली लीज डीड, म्हणजे जागेच्या भाडेपट्ट्याचा दस्त. विकास प्राधिकरणाच्या किंवा हाउसिंग बोर्डाच्या प्लॉटवर वापर कोणता, ते तिच्यातच लिहिलेलं असतं. त्यात ‘आवासीय’ (निवासी) असेल तर नुसत्या गुमाश्त्याच्या जोरावर दुकान थाटता येत नाही. गुमाश्ता ही आस्थापनेची नोंद आहे, जागेचा वापर बदलण्याची परवानगी नव्हे. ही गल्लत फार जण करतात. प्लॉटचा भू-उपयोग नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयातून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका. फ्लॅट असेल तर सोसायटीची ना हरकतही लेखीच घ्या.

खरा फटका विजेचा बसतो. घरगुती मीटरवर धंदा चालवणं हे वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापरात मोडतं. आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि वापर कधीपासून सुरू आहे ते ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे 12 महिने धरतात. शिलाई मशीन आणि पंख्याचं एवढं काय, असं म्हणू नका. पार्लरचा गीझर आणि एसी तपासणीला आलेल्या माणसाला लगेच दिसतात. धंद्याच्या खोलीसाठी गैरघरेलू (बिगरघरगुती) कनेक्शनचा अर्ज आधीच द्या.

सम्पत्तिकरातही ती खोली व्यावसायिक म्हणून दाखवा. स्वतः राहण्याबद्दलची 50 टक्के सूट धंद्याच्या भागाला लागू नसते, आणि धंद्याची खोली लपवली तर फरक मागाहून भरावा लागतो.

फराळाला एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, 19 किलोचा घ्यावा लागतो.

गाण्याचा किंवा तबल्याचा क्लास असेल तर निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे. खिडक्यांना जाड पडदे लावा.

माणसं मात्र वेळ देऊनच बोलवा. ब्लाउजच्या मापाला वीस मिनिटं लागतात, तर वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ठेवा, म्हणजे दाराशी एका वेळी एकच गाडी राहील. फराळाचे डबे संध्याकाळी 5 ते 7 मध्येच द्या आणि गाडी आपल्याच कंपाउंडमध्ये लावायची, हे ऑर्डर घेतानाच सांगा.