स्टेशनवर सायकल लावताय? या चुका टाळा

सकाळची ८:१२ची लोकल. इंडिकेटर लागलेला, पुलावर ही गर्दी, आणि खाली आपण वाकून सायकलला कुलूप लावतोय. त्या वीस सेकंदांत आपण काय करतो, त्यावर सायकल संध्याकाळी जागेवर सापडेल की नाही ते ठरतं. माझ्या आजवर दोन सायकली गेल्या. दोन्ही मध्य रेल्वेच्या एकाच स्टेशनाबाहेरून, आणि दोन्ही वेळा कुलूप लावलेलं होतं. म्हणून 'कुलूप लावत जा' असला सल्ला इथे मिळणार नाही. कुलूप सगळेच लावतात. घाईत कसं लावतात, भानगड तिथे आहे.

दुकानाबाहेरच्या सायकलचा मालक कधी बाहेर येईल याचा नेम नसतो. स्टेशनवरच्या सायकलचा मालक मात्र मुंबईत फोर्टातल्या नाहीतर बीकेसीतल्या ऑफिसात दहा-अकरा तास अडकलेला असतो, आणि हे चोरालाही ठाऊक असतं. त्याला कुठलीच गाडी पकडायची नसते.

मागच्या चाकाच्या कुलपावर विसंबणं

साध्या काळ्या सायकलींना मागच्या चाकाशी गोल कुलूप बसवलेलं असतं. किल्ली फिरवली की दांडी आऱ्यांमधून आरपार जाते आणि चाक फिरत नाही. म्हणजे चोराला सायकलवर बसून जाता येत नाही, एवढंच. उचलून नेण्यापासून त्याला कोण अडवतंय?

माझी पहिली सायकल अशीच गेली. समोरच्या टपरीवाल्याने ती जाताना पाहिली होती. एक पोरगा मागचं चाक उचलून, पुढच्या चाकावर ढकलत ती नेत होता. टपरीवाल्याने हटकलं तेव्हा म्हणाला, "किल्ली हरवली हो काका, दुकानात नेतोय." झालं. टपरीवाल्याने उलट दोन रिक्षा मागे घ्यायला लावून त्याला वाट करून दिली. मला हे सांगताना बिचारा इतका ओशाळला होता, की चहाचे पैसे घेईना.

हे कुलूप काढून टाकू नका, असू द्या. पण ते जोडीला हवं. सायकल कशाला तरी बांधलेली नसेल, तर ती कुलूपबंद नाही असंच धरून चाला.

बांधलं, पण नको ते

पहिली गेल्यावर मी शहाणा झालो आणि गिअरची सायकल घेतली. जाडजूड साखळीही घेतली. एका सकाळी गाडी यायच्या बेतात होती, रेलिंगजवळ आधीच चार सायकली, हात आत जाईना. मग हाताशी आलेलं पुढचं चाक रेलिंगला बांधलं आणि पळालो. संध्याकाळी येऊन बघतो तर रेलिंगला साखळी, साखळीत चाक, आणि चाकाच्या मागे काहीच नाही.

नव्या सायकलींच्या चाकाला बऱ्याचदा क्विक रिलीज असतं, म्हणजे नटाऐवजी एक छोटा खटका. तो उघडला, दोन-चार फेरे सैल केला की चाक हातात येतं, पान्याचीही गरज नाही. म्हणून साखळी आधी सायकलच्या सांगाड्यातून, मग मागच्या चाकातून आणि मग रेलिंगमधून गेली पाहिजे. मागचंच चाक का? गिअरच्या सायकलीत ते महाग असतं. पुढच्यासाठी साखळी पुरली तर उत्तम, नाहीतर सायकलवाल्याकडून खटका काढून साधे नट बसवून घ्या. सीटच्या खटक्याचंही तसंच. तिथे ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या किल्लीने आवळायचा बोल्ट बसवता येतो. ॲलन कीही कुणी खिशात घेऊन फिरू शकतो, पण निदान थांबून वाकावं तरी लागतं.

साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. पेव्हर ब्लॉक ही चोरासाठी आयती ऐरण. कडी त्यावर ठेवून वरून हातोड्याचा घाव घालता येतो. साखळी वर, सांगाड्याच्या उंचीला आणि ताठ बांधा. हातोडी चालवायला किंवा पहार अडकवायला जागाच उरू नये. यू-लॉक (यू आकाराच्या जाड दांडीचं कुलूप) वापरत असाल तर छोटा घ्या. मोठ्या यू-लॉकच्या आत पोकळी राहते आणि तिथेच पहार घालून पिळता येतं.

वायरचं कुलूप आणि त्यावरचे आकडे

रंगीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली केबल अंगठ्याएवढी जाड दिसते. आतली तार बऱ्याचदा पेन्सिलीएवढीच असते आणि साध्या कटरने तुटते. बाजारातून भाजी घेईपर्यंत ठीक आहे, दिवसभरासाठी नाही.

आकड्यांच्या कुलपाचं मला विशेष वाटतं. तीन आकड्यांत जोड्या होतात १,०००. सेकंदाला एक धरली तरी सगळ्या संपायला सतरा मिनिटं पुरतात. आणि तेवढीही लागत नाहीत, कारण गाडीच्या घाईत माणूस कुलूप बंद करतो आणि शेवटचा एकच आकडा फिरवतो. तो मागे-पुढे करून बघितला की काम झालं. मी काही दिवस सहज आमच्या रांगेतलं एक कुलूप खाली वाकून पाहिलं, पहिले दोन आकडे रोज तेच. (पुढे काही केलं नाही, पण मालकाला सांगितलं. तो माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.)

खांब हलवून न बघणं

'नो पार्किंग'चा खांब उंचीला कमी असेल, तर साखळीसकट सायकल वरून काढून घेता येते. काही खांब मातीत नुसतेच रोवलेले असतात, धरून हलवले की डुलतात. रेलिंगचे काही गज जोडावर गंजून सुटलेले असतात. तेव्हा पहिल्या दिवशी जागा निवडताना लाज न बाळगता खांब दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघा. एकदाच करायचं आहे, तेही रविवारी, गाडी पकडायची नसताना.

जागा कोणती? डबेवाल्यांच्या सायकली बघा. आमच्या स्टेशनाबाहेर त्या एकगठ्ठा, जाण्यायेण्याच्या तोंडावरच उभ्या असतात, आणि कुठली कुणाची हे आसपासच्या चार जणांना तरी माहीत असतं. आपण उलट करतो. लोकांचे पाय लागू नयेत म्हणून भिंतीमागच्या, झाडाखालच्या निवांत कोपऱ्यात लावतो. निवांतपणा चोरालाही हवाच असतो. फुलवाली, पेपरवाला, चांभार, जो कुणी दिवसभर एका जागी बसतो त्याच्या नजरेच्या टप्प्यात लावा आणि येताजाता दोन शब्द बोला. ओळख झाली की 'किल्ली हरवली हो काका' चालत नाही.

पे अँड पार्क असेल तर पैसे द्यावेतच असं माझं मत. पावती मागा, मिळत नसेल तर भांडून घ्या. तिच्यावर 'मालकाच्या जबाबदारीवर' असा छाप असतो म्हणून हताश होऊ नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यातून १९९८ साली चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की गाडी ताब्यात घेतल्यावर नुसत्या छापील ओळीच्या आडोशाने निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. तिथे चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली होती, आपली किल्ली आपल्याच खिशात असते, हा फरक आहेच. पण पावतीच नसेल तर भांडायलाही काही उरत नाही.

गेली की उचलली?

जागेवर सायकल नाही म्हणजे चोरीच, असं नाही. फुटपाथवरची कारवाई असेल तर पालिकेची गाडी उचलून नेते, आणि स्टेशनच्या आवारात काम निघालं तर सायकली बाजूला ढीग करून ठेवतात. आधी आजूबाजूला विचारा. जमिनीवर कापलेली साखळी पडली आहे का, बाकीच्याही सायकली गायब आहेत का, ते बघा. सगळ्याच गायब असतील तर वॉर्ड ऑफिस किंवा स्टेशन मास्तर. एकटी तुमचीच गायब असेल तर पोलीस.

इथे हद्दीचा घोळ सुरू होतो. रेल्वेच्या आवारातली चोरी लोहमार्ग पोलिसांकडे (त्यांची हेल्पलाइन १५१२), बाहेर रस्त्यावरची शहर पोलिसांकडे. स्टेशनच्या जिन्याखालची जागा कुणाची यावर मला एका चौकीने दुसऱ्या चौकीकडे आणि दुसरीने पहिलीकडे पाठवलं होतं. "सायकलच ना? किती जुनी?" हा प्रश्न दोन्हीकडे सारखा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. हे नम्रपणे, पण कलमाचा आकडा घेऊन म्हणा. फरक पडतो.

अडचण वेगळीच आहे. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे नुसती एनसी (अदखलपात्र नोंद), आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून सायकलचं बिल जपून ठेवा आणि किंमत खरी तीच लिहा. दुसरी चूक म्हणजे कटकट नको म्हणून वस्तू 'गहाळ' झाल्याची ऑनलाइन नोंद करणं. गहाळ वेगळं, चोरी वेगळी. विमा असेल तर या एका शब्दावर दावा अडू शकतो.

आणि सीसीटीव्ही. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, समोरच्या मेडिकलवाल्यालाही विनंती करा. त्याचा कॅमेरा रेल्वेच्या कॅमेऱ्यापेक्षा बऱ्याचदा नेमका तुमच्या सायकलकडे तोंड करून असतो.

पावसाळ्यातलं कुलूप

जून ते सप्टेंबर कुलूप आतून गंजतं, किल्ली अडते, आणि घाईत जोर लावला की आतच मोडते. कुलपाचं तोंड खाली करून लावा, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. मोडलीच तर किल्लीवाल्याला गाठा. बिल आणि फोटो जवळ ठेवा, नाहीतर चारचौघांत स्वतःचीच सायकल चोरताना पकडले जाल.

नंबर

सायकल उलटी करा. दोन्ही पायडलांना जोडणारा आडवा आस ज्या नळीत फिरतो, तिच्या बुडाशी बहुतेक सायकलींना नंबर ठोकलेला असतो. कापडाने पुसा, फोटो काढा, स्वतःलाच ईमेल करा. सायकलला आरटीओची नोंदणी नसते, त्यामुळे ती तुमचीच हे सांगायला हा नंबर आणि बिल एवढंच असतं. सीटची नळी उपसून आत नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, हा जुना उपायही वाईट नाही.

पहिली सायकल गेल्यावर सात-आठ महिन्यांनी मला ती दिसली. रंग हिरव्याचा निळा झाला होता, कॅरियर नवं होतं, पण हँडलचा उजवा बाक ओळखीचा, माझ्याच पडण्याने वाकलेला. एका रोपवाटिकेच्या गेटला उभी होती. तिथल्या माळीकाकांनी ती भंगारवाल्याकडून घेतली होती. भला माणूस. म्हणाले, "तुमची असेल तर घेऊन जा, पण खात्री करा." आम्ही दोघांनी मिळून ती उलटी केली, त्यांनी खुरप्याने चिखल आणि रंग खरवडला, आणि खाली नंबर स्पष्ट दिसला. काका वाट बघत होते. माझ्याकडे तो जुळवून बघायला काहीच नव्हतं.