परसात फरसबंदी करायची तर

रत्नागिरीकडे घरामागे बसायला फरसबंदी करायची असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी जमिनीवर चुन्याने रेघा मारा आणि आत खुर्च्या मांडून बघा. टेबल आणि चार खुर्च्यांना १० बाय १० फूट लागतातच. उठताना खुर्ची मागे सरकायला हवी ना! खरा विचार करायचा तो पाण्याचा. दर १० फुटांना दीड-दोन इंच उतार, तोही घरापासून बाहेरच्या बाजूला. माती धुमसाने ठोकून घट्ट करा, वर ४ इंच खडी, मग इंचभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. फरशी खरखरीत शहाबादीच घ्या, हे मी प्रत्येकाला सांगते. गुळगुळीत कडप्प्यावर श्रावणात पाय टिकत नाही. माडाच्या बुंध्याभोवती माती उघडी ठेवा. सांध्यांत सिमेंट नको, वाळू भरा, म्हणजे पाणी मुरेल. कामाला हात दिवाळीनंतरच घाला.