कन्सोलचा हेडसेट: आधी पिन बघा, मग पाऊस

गेम कन्सोलचा हेडसेट रत्नागिरीच्या दुकानात घ्या नाहीतर देवगडात बसून ऑनलाइन मागवा, नजर आधी जाते ती चमकणाऱ्या दिव्यांकडे आणि खोक्यावरच्या ‘७.१’ (चोहोबाजूंनी आवाज येण्याची सोय) आकड्याकडे. दिव्यांना मित्रांच्या कानात आवाज नसतो. ७.१ साठी लागणारं सॉफ्टवेअर बरेचदा फक्त कॉम्प्युटरवर चालतं. पीएस५ (प्लेस्टेशन ५) कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनला स्वतःच थ्रीडी आवाज देतो, एक्सबॉक्सवर त्याच कामाचं विंडोज सोनिक फुकट आहे. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका.

पहिला प्रश्न एकच: हेडसेट कन्सोलला जोडणार कसा?

मोबाइलचा ब्लूटूथ हेडसेट पीएस४, पीएस५ किंवा एक्सबॉक्सला थेट जोडता येत नाही. निन्टेन्डो स्विचवर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ब्लूटूथने ऐकू येतं, पण त्याचा माईक चालत नाही. साधा यूएसबी हेडसेट पीएस५ वर बहुधा चालतो. एक्सबॉक्सवर मात्र खास एक्सबॉक्ससाठी बनवलेलाच लागतो, बाकीचे लावले तरी तो ढिम्म. वायरलेस घ्यायचा तर डोंगलवाला (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा) घ्या आणि खोक्यावर आपल्याच कन्सोलचं नाव आहे ना, ते वाचा. पीएस५ स्लिमला पुढे दोन्ही पोर्ट टाइप-सी आहेत, त्यामुळे मोठ्या यूएसबीचा डोंगल मागे लावावा लागतो. तिथे तो टीव्हीच्या आड जातो आणि आवाज तुटायला लागतो. छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल पुढे, उघड्यावर आणा. वायफाय राउटरपासूनही लांब ठेवा, दोघं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात.

आमचं मत सरळ आहे: कोकणात ३.५ मिमी पिनेचा वायरवाला घ्या. तो पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला लागतो (२०१३ चे पहिले एक्सबॉक्स वन कंट्रोलर सोडून, त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो). स्विचच्या जुन्या प्रो कंट्रोलरला भोक नाही, पिन कन्सोललाच लावावी लागते. आणि स्विचवर बऱ्याच गेमचं बोलणं फोनवरच्या ॲपमधून चालतं, हे घेण्याआधी तपासा.

आता पीन नीट बघा. तिच्यावर तीन काळ्या पट्ट्या हव्यात. दोनच असतील तर त्यात माईकची तारच नाही. हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना असतील तर तो कॉम्प्युटरचा हेडसेट. दोन पिना एकात आणणारा जोड मिळतो, पण त्याचं टोकही तीन पट्ट्यांचंच पाहिजे. एक्स्टेन्शन वायरचंही तेच. तीन पट्ट्या असूनही आवाज पोकळ येत असेल, गाण्यातला गायक गायब होऊन नुसता बाजा वाजत असेल, तर पिनेवर माईक आणि अर्थिंग (ग्राउंड) यांच्या जागा उलट आहेत. ही जुनी ओएमटीपी जोडणी. कन्सोलला सीटीआयए ही आजची नेहमीची जोडणी लागते. सेटिंग बदलून उपयोग नाही, जोड बदलावा लागतो. आणि स्टुडिओतले २५० ओहमचे (जास्त विद्युत रोधाचे) हेडफोन कंट्रोलरवर पुटपुटतात, ३२ ओहमच्या आसपासचेच बघा.

माईकचं खरं पाणी जूनमध्ये कळतं. पत्र्यावर सर कोसळते, पागोळ्या गळतात, बेडूक सूर लावतात, वर पंखा. पलीकडून प्रश्न येतो, “आवाज येता काय रे?” अशा वेळी बहुतेक जण सेटिंगमध्ये माईकचा आवाज वाढवतात. त्याने पाऊसही तितकाच वाढतो. माईक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनी वाढतो आणि पाऊस जिथल्या तिथे राहतो. म्हणून दांडीवाला, एकाच दिशेचं ऐकणारा माईक घ्या. वायरीत लोंबणारा नको, तो शर्टाला घासून खरखरतो. दांडी ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. अगदी समोर धरलात तर श्वास फुसफुसतो. पंखा माईकच्या पाठीकडे येईल असे बसा. ‘नॉइज कॅन्सलिंग’ शब्दाला भुलू नका: ते कानासाठी असेल तर शांतता तुम्हाला, पाऊस मित्रांना.

मग पीएस५ च्या सेटिंग्ज, साउंड, मायक्रोफोनमध्ये जाऊन नेहमीच्या आवाजात बोला आणि पातळी जुळवा. एक्सबॉक्सवर माईक मॉनिटरिंग चालू केलंत की स्वतःचा आवाज कानात येतो आणि ओरडणं आपोआप कमी होतं. घरातली माणसं झोपली असतील तर हे आधी करा. आपलाच आवाज परत ऐकू येतो असं मित्र म्हणाले, तर बहुधा टीव्हीचा आवाज चालू राहिलाय आणि माईक तो उचलतोय.

राहिलं कुशन. रेक्झिनचं कुशन दुकानात गुबगुबीत वाटतं. इथल्या दमट हवेत आणि घामात त्याचे पापुद्रे सुटतात, कानाला काळा चुरा चिकटतो. कापडी आणि निघणारं कुशन घ्या. निघत नसेल तर हेडसेट सोडा. वजन ३०० ग्रॅमच्या आत बरं. वायरही निघणारी असावी, कारण आधी तुटते ती पिनेजवळच.

खेळून झालं की ओला हेडसेट पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. पंख्याखाली अर्धा तास वाळवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. तांदळात पुरू नका, भुकटी जाळीत बसते. खाऱ्या वाऱ्याने पिनेवर हिरवट थर आला की खरखर सुरू होते आणि बिचाऱ्या माईकला दोष मिळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पिनेवर फिरवा, कोरडी होऊ द्या, मग लावा. पीन साफ करूनही खरखर राहिली तर तोच हेडसेट मोबाइलला लावून बघा: तिथे ठीक चालला तर दोष बहुधा कंट्रोलरच्या भोकात आहे.