उपग्रहाच्या चित्रावरून उसातील कमजोर जागा कशी शोधावी

ऊस डोक्याच्या वर गेला की प्लॉटच्या आत वाढ कोठे खुंटली आहे, हे बांधावरून कळत नाही आणि तोडणीच्या वेळी कळून उपयोग नसतो. ही जागा वेळेत सापडावी यासाठी उपग्रहाची मोफत चित्रे आणि मोबाइलमधील जीपीएस एवढ्यावर काम भागते.

युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनल-२ उपग्रह साधारणपणे दर ५ दिवसांनी त्याच शेतावरून जातात आणि त्यांची २०१५ पासूनची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर पाहता येतात. या चित्रातील सर्वांत लहान चौकोन जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्यामुळे एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा आणि एकरात असे चाळीसेक चौकोन, हा हिशेब लक्षात ठेवला की चित्राकडून नेमकी किती अपेक्षा करावी हे उमगते. उसाचे एखादे बेट (एका मुळाचा झुपका) वाळले तर ते यात दिसणार नाही. दोन-तीन गुंठ्यांचा पट्टा मागे पडला तर तो स्पष्ट दिसतो. बांधालगतच्या चौकोनांत मात्र झाडे, पाणंद आणि शेजारचे पीक मिसळलेले असते, म्हणून ते विचारात घेऊ नयेत.

सुरुवात हद्द आखण्यापासून करावी. महाभूनकाशा या शासनाच्या संकेतस्थळावरील गटाच्या नकाशाने अंदाज येतो, पण लागवड प्रत्यक्षात कोठपर्यंत आहे हे बांधावरून चालूनच नोंदवलेले बरे. मोबाइलची अचूकता मोकळ्या आभाळाखाली ३ ते ५ मीटर असते आणि झाडाखाली ती घसरते, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर थोडे थांबून बिंदू घ्यावा, ती हद्द केएमएल (नकाशावरील बिंदू-रेषा साठवणाऱ्या) फाइलमध्ये साठवावी आणि कोपर्निकस ब्राउझरमध्ये चढवावी.

त्यानंतर निरभ्र दिवसाचे चित्र निवडावे. आधी नैसर्गिक रंगातील चित्र पाहून ढग आणि ढगांची सावली शेतावर नाही याची खात्री करावी, कारण सावलीतले निरोगी पीकही आजारी भासते. पावसाळ्यात अशी चित्रे क्वचितच मिळतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसाली उसाची नियमित पाहणी बहुधा ऑक्टोबरपासूनच सुरू होते.

आता एनडीव्हीआय हा निर्देशांक लावावा. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की हा आकडा मिळतो. उघड्या मातीवर तो ०.१ ते ०.२ च्या आसपास असतो, तर दाट पिकावर ०.८ च्या जवळ जातो. उसाची पाने सरीवर मिटल्यानंतर मात्र हा आकडा फारसा वाढत नाही आणि सगळा प्लॉट सारखाच हिरवा दिसू लागतो. अशा वेळी रेड-एज, म्हणजे लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधल्या प्रकाशपट्ट्यावर आधारलेला एनडीआरई हा निर्देशांक वापरावा. त्याचा चौकोन २० मीटरचा, म्हणजे सुमारे ४ गुंठ्यांचा असला तरी दाट उसातील फरक तो अधिक चांगला दाखवतो.

एकाच चित्रावरून निर्णय घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. मागील दोन-तीन हंगामांतील चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. जो पट्टा दरवर्षी फिका पडतो तेथे कारण बहुतेक जमिनीत असते: वर आलेला मुरूम, चोपण (क्षारांमुळे घट्ट झालेली जमीन) किंवा पाणी साचणारा खोलगट भाग. जो पट्टा या महिन्यातच फिका पडला आहे, तेथे पाणी, कीड किंवा रोग यांचा संशय घ्यावा आणि आधी तिकडेच जावे.

त्या पट्ट्याच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर पाच अंकांपर्यंत टिपून मोबाइलमध्ये भरावेत. उंच उसात जीपीएसचा बिंदू हलतो, म्हणून बांधावरूनच कितवी सरी आणि किती पावले आत, हे ठरवून शिरावे. तेथे ठिबकचे ड्रिपर तुंबले आहेत का, लॅटरल (ठिबकची नळी) फुटली आहे का, तुटाळ (न उगवलेल्या रिकाम्या जागा) किती आहे हे पाहावे. पाने पिवळी पडलेले बेट हलक्या हाताने उपटून येत असेल, तर मुळाशी खणून हुमणीच्या अळ्या शोधाव्यात. चांगल्या दिसणाऱ्या भागातही एक फेरी मारावी, कारण तुटाळ जागी माजलेले तणही चित्रात हिरवेगारच दिसते.

कायम फिक्या पट्ट्याचा मातीचा नमुना चांगल्या पट्ट्यापासून वेगळा ठेवावा. तो ऊस तुटल्यावर आणि खते देण्यापूर्वी घ्यावा, तसेच प्रत्येक खड्ड्याचा जीपीएस बिंदू जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या खेपेस त्याच जागेची तुलना होते. ठिबकचे व्हॉल्व्ह या पट्ट्यांनुसार विभागता आले, तर खताची मात्राही वेगवेगळी देता येते. आरटीके, म्हणजे जीपीएसची चूक जागीच दुरुस्त करणारी यंत्रणा जोडलेला ट्रॅक्टर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने सरी पाडतो, पण लहान क्षेत्रासाठी तो विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे परवडते.

उपाय केल्यावर पुढील काही चित्रांत दुरुस्त केलेल्या पट्ट्याचा आकडा शेजारच्या चांगल्या पट्ट्याशी ताडून पाहावा. ऊस पक्व होताना सगळ्याच शेताचा आकडा उतरतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमधील अंतर कमी होत आहे की नाही, एवढेच तपासावे.