डोळ्यांची नवीन ट्रीटमेंट आली म्हणतात: मुंबईचं तिकीट काढायच्या आधी काय बघायचं

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावाच्या ग्रुपवर हा मेसेज कधी ना कधी फिरतोच, की अमक्या ठिकाणी स्टेम सेलने (म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींनी) गेलेली नजर परत येते, संशोधन चालू आहे, जागा थोड्याच आहेत, लगेच फोन करा. ज्याच्या घरी आरपीचा (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार, यात नजर हळूहळू जाते) पेशंट आहे किंवा आजीचा मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) गेलाय त्याला तर तो दहा जण पाठवतात, चांगल्या मनानेच. आता हे खरं असू शकतं, अर्धवट खरं असू शकतं किंवा सरळ धंदा असू शकतो, आणि यातलं काय आहे ते घरबसल्या बऱ्यापैकी कळतं. फोन आणि नेट लागतं, रेंजसाठी सड्यावर जावं लागलं तर जायचं.

पहिला प्रश्न पैशाचा. फोन करून सरळ विचारा, हे संशोधन आहे ना, मग पेशंटने किती भरायचे? आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे नेहमीच्या उपचारापलीकडे संशोधनासाठी म्हणून जे काही केलं जातं त्याचा खर्च पेशंटवर टाकायचा नसतो. आणि स्टेम सेलचं म्हणाल तर त्याच वर्षीच्या वेगळ्या गाईडलाईन्समध्ये रक्ताचे काही आजार सोडले तर बाकी सगळं मंजूर ट्रायलमध्येच (म्हणजे पेशंटवर नियम पाळून केलेल्या चाचणीतच) करायचं असं आहे. त्यामुळे पलीकडून लाखांचं पॅकेज, ईएमआय, दोन डोळ्यांना डिस्काउंट अशी भाषा सुरू झाली की मी तरी फोन ठेवतो. खऱ्या ट्रायलमध्ये तुम्ही औषध विकत घेत नाही, त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि तुम्ही ते शोधायला मदत करत असता, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरा प्रश्न, एक डोळा की दोन्ही? हा फार कोणी विचारत नाही पण माझ्या मते पैशाच्या खालोखाल हाच. मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या डॉक्टरांच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गोष्टी छापून आल्या. एक जपानची, कोबेच्या मासायो ताकाहाशी आणि त्यांच्या टीमची. मॅक्युला झिजलेल्या एका बाईच्या स्वतःच्या त्वचेच्या पेशींपासून पडद्यामागचा थर तयार करून तो २०१४ मध्ये तिच्या एका डोळ्यात बसवला, एकाच. वर्षभरानंतर तो थर जागेवर होता, नजर सुधारली नाही पण आणखी बिघडलीही नाही, आणि तेवढंच त्यांनी लिहिलं. दुसऱ्या पेशंटच्या पेशींत जनुकीय बदल दिसले म्हणून त्याचं ऑपरेशनच केलं नाही. दुसरी गोष्ट फ्लोरिडाची. एका क्लिनिकने तीन वयस्कर बायकांच्या पोटाची चरबी काढून त्यातल्या ‘स्टेम सेल’ दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या, प्रत्येकीकडून ५००० डॉलर घेऊन, आणि तिघींचीही नजर गेली. म्हणून लक्षात ठेवा, ज्या इंजेक्शनचं काय होईल हे अजून कोणालाच माहीत नाही ते दोन्ही डोळ्यांत एका दिवशी देणारा माणूस संशोधन करत नाहीये. खरे संशोधक बहुतेक वेळा आधी जास्त खराब झालेला डोळा निवडतात, दुसरा तुलनेला राहतो आणि काही बिनसलं तर हाताशीही राहतो.

फ्लोरिडावाल्या क्लिनिकचं नाव अमेरिकेच्या सरकारी ट्रायल रजिस्टरवर होतं बरं का, ते बघूनच काही पेशंट तिथे पोचले होते. म्हणून नुसतं ‘रजिस्टर्ड आहे’ यावर जाऊ नका, आतलं वाचा.

आपलं रजिस्टर म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. २००७ पासून आहे, २००९ पासून ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं झालं, आणि बघायला पैसे-बिसे काही लागत नाहीत. क्लिनिककडून नोंदणी नंबर मागा, टाळाटाळ केली तर तिथेच समजून जा. नंबर नसेल तर आजाराचं इंग्रजी नाव डॉक्टरच्या रिपोर्टवरून जसंच्या तसं टाईप करून शोधा, मराठी नावाने काही सापडणार नाही. पान उघडलं की घाबरू नका, लांबलचक असतं, पण आपल्याला मोजकंच बघायचंय. एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी मिळालीये की ‘सबमिटेड’ म्हणून पडून आहे, औषध नवीन असेल तर डीसीजीआयची (देशाच्या औषध नियंत्रकांची) परवानगी आहे का, पेशंट घेणं अजून चालू आहे की कधीच बंद झालं (अर्ध्या फॉरवर्डचा निकाल इथेच लागतो), कुठल्या शहरात कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे आणि तुम्हाला फोन करणाऱ्याचं नाव त्या यादीत आहे का. मग वय आणि नजरेच्या अटी. आईचं वय अटीत बसत नसेल तर कोणाच्या ओळखीने बसवता येत नाही, आमदाराची चिठ्ठी इथे चालत नाही.

आता तुलनेचा मुद्दा, याच्यावर जरा थांबतो कारण लोकांचं बिनसतं ते इथे. ‘मग मला खरं औषध मिळणार की नाही?’ मिळेल किंवा मिळणार नाही, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो आणि तुम्हालाच काय, कित्येकदा डॉक्टरलाही माहीत नसतं. काही ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला नुसतं शॅम इंजेक्शन असतं, म्हणजे सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर दाबतात. ऐकून चीड येते, पण त्याशिवाय कळणार कसं? आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. लावणीत पात लागते, झोडणीत तूस डोळ्यात उडतं, बुबुळाला खरचटतं आणि त्यात बुरशी वाढली की डोळ्यात फूल पडतं, कधी डोळाच जातो. यावर नाटामायसिन हे जुनं औषध होतं आणि व्होरिकोनाझोल नवीन, नवीन म्हणजे चांगलंच असणार असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं. मग दक्षिण भारतातल्या डोळ्यांच्या अरविंद हॉस्पिटलांमध्ये ३२३ पेशंट घेऊन ट्रायल केली, चिठ्ठीनेच गट पाडून, आणि २०१३ मध्ये निकाल आला तर जुनं नाटामायसिन जिंकलं. व्होरिकोनाझोलवाल्यांची नजर कमी सुधारली आणि बुबुळाला भोक पडायचे प्रकारही जास्त झाले. म्हणजे त्या ट्रायलमध्ये ‘मला नवीनच द्या’ म्हणून हट्ट करणाऱ्याचा तोटाच झाला असता. (आणि हो, तूस गेलं तर दूध, मध, पाल्याचा रस काहीही डोळ्यात घालू नका, मेडिकलमधून स्वतःच स्टेरॉइडचे ड्रॉप तर अजिबात नाही, बुरशी असेल तर ती त्याने भडकते.)

पुढचं बघायचं ते प्रायमरी आऊटकम, म्हणजे मोजणार काय आहेत. नजरेच्या ट्रायलमध्ये तक्त्यावरची अक्षरं मोजतात, एका ओळीत पाच. ‘सरासरी पाच अक्षरं सुधारली’ म्हणजे एक ओळ, यात आजीला मासे निवडता येतील पण एसटीची पाटी वाचता येईलच असं नाही. कधी अक्षरं मोजतच नाहीत, पडद्यावरचा डाग किती वाढला ते मोजतात. अमेरिकेत २०२३ ला मॅक्युलाच्या कोरड्या प्रकारच्या शेवटच्या टप्प्यासाठी पेगसेटाकोप्लानला मान्यता मिळाली, डाग पसरायचा वेग त्याने कमी होतो, पण ट्रायलमध्ये पेशंट जास्त अक्षरं वाचू लागले असं झालं नाही. बातमीत मात्र दोन्ही एकच वाटतं. हे डोळ्यांपुरतं नाहीये, हृदयाच्या ठोक्यांवरच्या दोन औषधांनी ईसीजी सुधारायचा पण माणसं जास्त मरत होती असं १९८९ मध्ये एका मोठ्या ट्रायलने दाखवलं. गुडघ्याचं, शुगरचं, कसलंही फॉरवर्ड आलं तरी हाच प्रश्न, मोजलं काय?

आरपीवाल्यांनी एक काम आधी करावं, जीन टेस्ट, म्हणजे जनुकांची तपासणी. आरपी हा एकच आजार नाही, पन्नासहून जास्त जीन्सपैकी कशातही बिघाड असला तरी तो होतो आणि जीनची ट्रीटमेंट त्या त्या जीनपुरतीच असते. लक्सटर्ना नावाचं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते फक्त आरपीई६५ साठी, त्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील आणि पडद्यात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच, आणि बाजारात आलं तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. म्हणजे जीनचा रिपोर्ट हातात नसेल तर तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात तेच माहीत नसतं. टेस्टच्या वेळी घराण्यात नात्यात लग्नं झाली असतील तर सांगून टाका, लाजायचं काही नाही, डॉक्टरला त्याचा उपयोगच होतो. आणि आधी कुठे उगाच स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं असेल तर बऱ्याच खऱ्या ट्रायल नंतर दारातच थांबवतात, हे पैसे भरताना कोणी सांगत नाही.

हे सगळं जमलं, बोलावणं आलं, तर संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणा. जिला दिसतच नाही तिच्यापुढे दहा-बारा पानं ठेवून ‘इथे सही करा’ हे चालत नाही, वाचता न येणाऱ्या पेशंटसाठी ट्रायलशी संबंध नसलेला तटस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर असावा लागतो. घरी मोठ्याने वाचा आणि मग तिलाच विचारा, ‘गे आये, तुका काय समाजला ता सांग.’ ती म्हणाली ‘माका परत दिसतला’ तर समजायचं की तिला अजून कळलेलं नाही, पुन्हा वाचा. मध्येच सोडलं तर चालतं का (चालायलाच हवं), ट्रायलमुळे डोळ्याला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि तारखा! फॉलोअपच्या तारखा पुढेमागे करायला थोडेच दिवस मिळतात, त्यामुळे गणपती आणि शिमग्याच्या तारखा सही करायच्या आधीच त्यांच्यापुढे ठेवा. चाकरमानी इकडे येत असताना तुम्हाला उलटं मुंबईला जायचंय, जायचं तिकीट मिळेल हो, परत यायचं नाही मिळणार. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाईमटेबल वेगळं असतं तेही बघा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घातले की काही तास धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, सोबत माणूस हवाच आणि गॉगलही. ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो जिरेपर्यंत विमान बंद, आणि पुण्या-कोल्हापुराकडून येणार असाल तर घाटातून कधी आलेलं चालेल ते विचारून घ्या, उंचीवर तो गॅस फुगतो. जाण्यायेण्याचा खर्च देतात का तेही तेव्हाच, दोघांचा.

ट्रायलमध्ये घेतल्यावर चोवीस तास चालणारा फोन नंबर मागून घ्या, त्याचा आणि संमतीपत्राचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर ठेवा. इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखायला लागला, लाल झाला, अंधारी वाढली तर रात्रीच्या गाडीची वाट बघत बसू नका, त्या नंबरवर फोन लावा आणि तसेच चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, जिथे जवळ असेल तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, त्या दोघांचं फोनवर बोलणं करून द्या.