पिवळा कागद म्हणजे रेट्रो नाही

रेट्रो स्टाईलमध्ये मॅस्कॉट, म्हणजे ब्रँडचा चेहरा असलेलं पात्र, करायला शिकणाऱ्या मुलांच्या फाइल्स माझ्याकडे येतात. निम्म्या उघडल्या उघडल्या कळतं, की यानं जुनी छापील वस्तू हातात धरलेलीच नाही. मातकट पिवळी बॅकग्राउंड, विटका लाल, कडेनं घडी पडल्याच्या रेघा, वरून दाणेदार टेक्सचर आणि मधोमध पांढरे हातमोजे घातलेली एक हसरी मिरची. हे कुठून येतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण माझ्याही सुरुवातीच्या कामांत हेच होतं. पिंटरेस्टवरून उचललेलं, आणि तिथं ज्यानं टाकलं त्यानंही कुठून तरी उचललेलंच.

पेन टूल, लेयर, कलर मोड वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर सरावानं येईल, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. डोकेदुखी पुढे आहे.

मसाल्याच्या एका छोट्या कंपनीचं पाकीट मी केलं होतं. मालकांना 'आजोबांच्या काळातला फील' हवा होता, तो मी दिला. फिकट बदामी कागदाचा भास, उडालेला लाल, थोडं सरकलेलं रजिस्टर (म्हणजे एकमेकांवर नीट न बसलेले रंग), फेट्यातले एक आजोबा. प्रेझेंटेशनला सगळे खूश. माल बाजारात गेला आणि सेल्समनचा फोन आला. किराणा दुकानदार पाकीट हातात घेऊन आधी उलटं करत होते आणि पॅकिंगची तारीख शोधत होते. एकानं तर तोंडावर विचारलं, "हा परत आलेला माल फिरवताय का?" दुकानाच्या दारात टांगलेल्या माळेला ऊन लागलं की पाकिटं जशी दिसायला लागतात, हुबेहूब तसं नवंकोरं पाकीट मी छापून दिलं होतं. दुकानदाराचं त्यात काय चुकलं? उडालेल्या रंगाच्या पाकिटातला मसाला जुना, हे त्याला रोजच्या धंद्यानं शिकवलंय.

या सापळ्यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण कोर्समध्ये हे कुणी सांगत नाही.

जुनं चित्र आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यातलं काही चित्रकारानं केलेलं असतं, काही छापखान्यानं आणि काही नुसत्या वर्षांनी. आपण तिघांची भेळ करतो आणि तिला 'व्हिंटेज स्टाईल' म्हणतो. त्यातही गंमत अशी, की नक्कल करायला सगळ्यात सोपं असतं ते वर्षांनी केलेलं. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन हवेनं आणि उजेडानं पिवळं पडतं. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी मागे राहते. वर डाग, घड्या, कसर. यातली एकही गोष्ट कुणी डिझाईन केलेली नाही. चित्रकार दीनानाथ दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो पिवळा पडलेला नव्हता. स्टॉलवरच्या बाकीच्या अंकांतून गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडे ओढायची, हे त्या मुखपृष्ठाचं काम होतं, आणि ते भडक रंगांनी चोख बजावलं जायचं.

पटत नसेल तर रद्दीवाल्याकडून एखादा जुना दिवाळी अंक आणा. मुखपृष्ठ सोडा. पिनेजवळची आतली रंगीत जाहिरात उघडा, जिथं उजेड फारसा पोचलेला नाही. तिथला लाल आणि तिथला पिवळा बघा. इतका धीट लाल आजचा डिझायनर क्लायंटला विचारल्याशिवाय वापरणार नाही.

छापखान्याचा भाग मात्र शिकण्यासारखा आहे, कारण बरीचशी 'स्टाईल' तिथंच जन्मली. लेटरप्रेसच्या, म्हणजे उठावाच्या ठशांवर शाई लावून छापण्याच्या, काळात चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक (चित्राचा ठसा) करून घ्यायचा. नुसत्या रेषांचा लाईन ब्लॉक स्वस्त, छटा ठिपक्यांनी दाखवणारा हाफटोन महाग, आणि बारीक हाफटोनला गुळगुळीत आर्ट पेपर लागायचा, साध्या कागदावर ठिपके भरून जायचे. लाईन ब्लॉकला करडा रंग ठाऊक नाही. शाई लागली तर काळं, नाहीतर कागद. म्हणून त्या चित्रांत रेषा ठाम असते आणि सावली तिरप्या रेघांची किंवा सरळ सॉलिड काळी असते. प्रत्येक जादा रंगाला वेगळा ब्लॉक आणि मशीनवर वेगळी फेरी. मग दोन-तीन रंगांतच भागवायचं, आणि पिवळ्यावर निळा चढवून हिरवा फुकटात काढायचा. तो हिरवा जिथं येतो तिथं चित्रकारानं आधी हिशेब केलेला असतो.

लिथोचं, म्हणजे दगडावरून छापायचं, तंत्र याहून निराळं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं रंगागणिक वेगळा दगड असायचा. त्या छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती भिंगाखाली घेऊन बघा. लांबून मऊ दिसणारा गाल म्हणजे हातानं टिंबटिंब करून भरलेली जागा असते: गुलाबी टिंबं, त्यांच्या मध्ये पिवळसर टिंबं, कडेला थोडी तपकिरी, आणि कुठंही दोन टिंबांतलं अंतर सारखं नाही. आपल्या सॉफ्टवेअरचा हाफटोन फिल्टर सगळीकडे एकाच चालीचे ठिपके टाकतो. म्हणून आपलं काम खोटं दिसतं, आणि का खोटं दिसतं ते कळत नाही. बघणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण डोळा पकडतो.

दहा-पंधरा पटींचं एक भिंग घ्या. टेक्सचर पॅकपेक्षा स्वस्त पडतं.

आता मॅस्कॉट. अमूलची मुलगी १९६६ मध्ये आली, डाकुन्हांच्या जाहिरात एजन्सीतल्या युस्टेस फर्नांडिस यांनी काढलेली. अमूलच्या वर्गीस कुरियन यांची अपेक्षा अशी, की चित्र काढायला सोपं आणि लक्षात राहणारं हवं, कारण जाहिरात मुख्यतः होर्डिंगवर जाणार, होर्डिंग हातानं रंगवली जाणार आणि पुन्हापुन्हा बदलणार. हे वाचल्यावर त्या मुलीकडे परत बघा. तिला नाक नाही. निळे केस म्हणजे एक सपाट आकार, फ्रॉकवर लाल ठिपके, डोळे मोठे आणि पापण्या मोजक्या. एका पेंटरनं काढली आणि महिन्यानं दुसऱ्यानं काढली, तरी ती तीच मुलगी राहते. परांचीवर उभा राहून, चौकोन आखून, नाकासमोर चार फुटांचा डोळा रंगवणाऱ्या माणसाची सोय त्या चित्रात आधीच केलेली आहे. आपण तिच्याकडे बघून शिकतो काय, तर 'क्यूट'.

एअर इंडियाचा महाराजा तिच्या वीस वर्षं आधीचा. १९४६, कल्पना एअर इंडियाच्या बॉबी कूकांची, चित्र जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात एजन्सीतल्या उमेश राव यांचं, आणि पहिल्यांदा तो आला विमानातल्या लेटरपॅडवर. नंतर पोस्टरांवर तो वाट्टेल त्या वेषात फिरला, अगदी सुमो पैलवानसुद्धा झाला. मिशा, नाक आणि अंगाचा गोल आकार कायम, बाकी सगळं बदलायला मोकळं. तुमच्या मॅस्कॉटमधलं कायम काय आणि बदलतं काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला १९५४ चा गट्टू घ्या: कपाळावर आलेली झुलपं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. काळ्या शाईच्या चार रेषांत पोरगं उभं राहतं. वर्तमानपत्रात एका रंगात छापून यायचं होतं, तिथं पाचवी रेषा कशाला?

माझं ठाम मत आहे, कुणाला आवडो न आवडो: आपल्याकडच्या नवशिक्यानं आधी ही तीन पात्रं हातानं, पेन्सिलीनं, निदान पानभर काढावीत. अमेरिकन रबर होज, म्हणजे जुन्या कार्टूनमधली रबरी नळीसारख्या हातापायांची शैली, नंतर. ती शैली वाईट नाही. फेलिक्स मांजर १९१९ चं, नळीसारखे हातपाय, कोपर नाही, गुडघा नाही, कारण फ्रेममागून फ्रेम झपाट्यानं काढायची होती. मिकीला हातमोजे १९२९ मध्ये आले. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये काळ्या अंगापुढे काळा हात गेला की दिसेनासा व्हायचा, ती अडचण मोज्यांनी सुटली. तुमची मिरची लाल आहे, मागे पिवळं आहे. तिला मोजे कशासाठी? मिशलिनचा टायरवाला, १८९८ चा, पांढरा आहे कारण त्या काळी टायर काळे नव्हतेच, रबरात कार्बन ब्लॅक नंतर आला. प्रत्येक पात्रापाशी असं एक 'कारण' सापडतं. ते सापडेपर्यंत उचलू नका. सापडल्यावर बहुतेक वेळा उचलावंसंच वाटत नाही, हा माझा अनुभव.

सराव कसा करायचा? फाइलमध्ये दोनच स्पॉट कलर (वेगळ्या तयार शाईचे रंग) घ्या, दोन लेयर करा, वरचा मल्टिप्लायवर ठेवा. तिसरा रंग फक्त एकावर एक चढून मिळेल. ग्रेडियंट बंद, ओपॅसिटी शंभर. पहिले काही दिवस हात बांधल्यासारखा वाटेल आणि चित्रं भिकार येतील. येऊ देत. सगळ्यांचीच येतात. नंतर एक वेळ अशी येते की रंग कमी आहेत हे विसरायला होतं आणि आकाराकडे लक्ष जातं. तिथून पुढे मजा आहे.

मग ते चित्र बारा मिलिमीटरवर छापा, एका रंगात, साध्या कागदावर. क्लायंटचं शाम्पूच्या पुडीएवढं पाऊच निघणार, रबर स्टँप निघणार आणि मालाचा खोका निघणार. खोक्यावर फ्लेक्सोनं, म्हणजे लवचीक प्लेटनं, छापतात, त्याची प्लेट म्हणजे स्टिरिओ, आणि त्या खरबरीत तपकिरी कागदावर बारीक फटी सरळ भरून जातात. दातांच्या रेषा, डोळ्यातली चमक, मिशांमधली जागा, सगळं लिबलिबीत होतं. खोक्यासाठी वेगळी, जाड फटींची आवृत्ती काढून द्यायची. हे काम डिझायनरचं आहे. बॉक्सवाल्यावर सोडलं तर तो ऑटो ट्रेस मारतो आणि मग तुमच्या आजोबांना एकच डोळा राहतो.

शॉर्टकटबद्दल. 'व्हिंटेज इंडियन मॅचबॉक्स' असं टाइप करून एआयकडून चित्र काढून घेणाऱ्यांशी मी भांडत नाही. काढा. पण ते जे देतं त्यात वर्षांनी केलेलं सगळं असतं, पिवळेपणापासून घड्यांपर्यंत, आणि चित्रकाराचा निर्णय शोधावा लागतो. ज्या सापळ्यातून बाहेर यायला मला वेळ लागला, तो आता बटणावर मिळतो इतकंच. ब्रश पॅकचंही तसंच. मी अजून वापरतो, खोटं कशाला बोलू, पण सगळं चित्र सॉलिडमध्ये उभं राहिल्यावर शेवटी, आणि निम्म्या वेळा काढूनही टाकतो.

मेंटॉर हा दुसरा धंदा. आठवड्याला एक कॉल, 'पर्सनल ब्रँड' आणि पोर्टफोलिओचं ऑडिट. माझं मत विचाराल तर तेवढे पैसे ठेवा आणि जवळच्या ऑफसेटवाल्याशी ओळख करा. चहा सांगा, मशीनमनला 'काका' म्हणा आणि गर्दी नसेल अशा वेळी जा. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या तोंडावर गेलात तर हाकलतील, आणि बरोबरच करतील. जुन्या मशीनमननं माझ्या फाइलकडे बघून जे एका वाक्यात सांगितलं, "हा काळा चार रंगांचा केलास, अक्षर हलणार" (म्हणजे चार रंग एकमेकांवर अचूक बसले नाहीत तर अक्षर धूसर दिसणार), ते मला कुठल्याच वेबिनारमध्ये मिळालं नाही. सगळे काका प्रेमळ असतात असं नाही. काही नुसतेच खेकसतात. त्यांच्याकडूनही शिकता येतं, फक्त थोडं लांब उभं राहून.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश नाही मिळाला, चित्रकला 'तेवढी' चांगली नाही, या भीतीनं कुणी अडून बसू नये. मॅस्कॉटला ॲनाटॉमीपेक्षा हट्ट जास्त लागतो. एकच चेहरा वळवून, झुकवून, हसवून, चिडवून काढत राहायचा, तो कंटाळा सोसेल त्याचं जमतं. वस्तूही महाग नाहीत. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजार आहे, आणि गावाकडे आजीच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली कॅलेंडरं अजून निघतात. काडेपेट्या, अगरबत्तीचे पुडे, विडीच्या बंडलांची लेबलं. स्कॅन करा, पण मूळ वस्तू टाकू नका. स्क्रीनवर शाईची जाडी दिसत नाही.

एका बाबतीत मात्र गोड बोलणार नाही. 'इन्स्पायर्ड बाय' लिहिलं की सगळं चालतं, हा भ्रम सोडा. आपल्या कायद्यात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं केव्हाच खुली झाली. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांसाठी २०३१ संपेपर्यंत थांबा. अमेरिकेत मिकीची १९२८ ची आवृत्ती १ जानेवारी २०२४ ला खुली झाली, ती बिनमोज्यांची आहे, आणि ट्रेडमार्क तसाच जिवंत आहे. महाराजा आणि अमूलची मुलगी तर रोज कामावर असलेली पात्रं आहेत, त्यांच्या जवळपास जाणारा चेहरासुद्धा क्लायंटला देऊ नका.

आणि तुमच्या स्वतःच्या मॅस्कॉटचं काय? पैसे घेऊन करून दिलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो, असं कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं. तेव्हा काम सुरू करण्याआधी एक पानी का होईना, करार करा. कोटेशनमध्ये मूळ पात्र, पोज शीट (त्याच पात्राच्या वेगवेगळ्या पोझेसचं पान), एकरंगी आवृत्ती आणि खोक्याची आवृत्ती या चार ओळी वेगळ्या लिहा, चौघींचे दर वेगळे लावा, आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय पोज शीटला हात लावू नका.