इन्फेक्शन कंट्रोलला नवीन आलात? सेंट्रल लाईनचा माझा अनुभव

आयसीयूत सहा वर्षं बेडसाईड करून मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स झाले, आणि पहिले तीन महिने फक्त ट्रेनिंग घेत बसले. पोस्टर लावले, लेक्चर घेतले, टेस्ट घेतली, सगळ्यांना मार्क पण मस्त पडले, तरी राउंडला गेलं की सेंट्रल लाईनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) हब, म्हणजे सिरिंज जोडायचं तोंड, स्वॅबने न घासताच सिरिंज जोडलेली दिसायचीच.

मग एका नाईटला फाईल ठेवून दिली आणि एका सिस्टरच्या मागे नुसती उभी राहिले. तिने इंजेक्शन भरलं, बेडपाशी आली आणि अल्कोहोल स्वॅब बघितले तर ते पार दुसऱ्या टोकाच्या ट्रॉलीत, तेवढ्यात शेजारच्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला. नियम तिला माहीत होता हो, टेस्टमध्ये बरोबर लिहिला होता तिने! दुसऱ्याच दिवशी प्रत्येक आयव्ही स्टँडला स्वॅबचा डबा अडकवला, आणि माझ्या सगळ्या लेक्चर्सनी जे झालं नव्हतं ते त्या डब्याने झालं. त्यामुळे नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, आधी आठवडाभर नुसतं बघा, कुठे काय हाताशी नाहीये ते लिहून काढा.

आता हब घासणं म्हणजे वरवर पुसणं नाही. 5 ते 15 सेकंद जोर लावून घासायचा, वरचा भाग आणि कडेचे आटे दोन्ही, आणि मग वाळू द्यायचा. घाईत सुटतं ते हे वाळणंच, कारण तेव्हा हात रिकामे असतात आणि उगाच उभं राहिल्यासारखं वाटतं. लाईनवरचं ट्रान्सपरंट ड्रेसिंग 7 दिवसांनी, गॉझचं 2 दिवसांनी बदलायचं, पण सुटलं, ओलं झालं किंवा रक्त लागलं की लगेच.

मिशिगनमधल्या आयसीयूंचा 2006 साली छापून आलेला अभ्यास नक्की वाचा. हात धुणं, लाईन घालताना पूर्ण बॅरियर (टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्ह, मोठी चादर), क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, जमेल तिथे मांडीची शीर टाळणं आणि गरज संपली की लाईन काढणं, एवढ्याच पाच गोष्टी, आणि 1000 लाईन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक लाईन-दिवस) 2.7 असलेला इन्फेक्शनचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे, लाईन घालताना स्टेप चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सला होता. पण ज्युनिअर सिस्टर "सर, थांबा" असं आपणहून कधीच म्हणणार नाही, आयसीयूच्या हेडनी सगळ्यांसमोर तसं सांगायला हवं, ते त्यांच्याकडून आधी करून घ्या.

ऑडिटमध्ये माझी एक मोठी चूक झाली. मीटिंगमध्ये मी चुकलेल्यांची नावं वाचली, आणि त्यानंतर मी वॉर्डात शिरले की सगळे हब घासायला लागले, मी गेले की परत तेच. विश्वास परत मिळवायला खूप वेळ गेला. आता नाव घेत नाही, शेवटच्या इन्फेक्शनला किती दिवस झाले तो आकडा नर्सिंग स्टेशनला लिहिते, आणि तो रोज सकाळी सिस्टरच बदलतात. हँडओव्हरला "ही लाईन आज लागतेय का?" हा प्रश्न पण त्यांनीच सुरू केला, मी नाही.